मागचं डावं चाक

आमच्या शेजारचे देवमनकाकाजी रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून अंगणात येतात आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला ताप आहे का ते पाहतात. आधी तळहात लावतात. मग हाताची उलटी बाजू लावतात. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर गुडघ्यावर बसून गालही टेकवतात. गाडी रात्रभर जागेवर उभी असते, तिला ताप यायचं काही कारण नसतं. पण काकाजी उठतात, पायजम्याची धूळ झटकतात आणि आमच्या ओसरीकडे तोंड करून जाहीर करतात, "आज बरं हाये."

नवीन माणसाला वाटतं, घरात कोणी अंथरुणाला खिळलंय. माझ्या दुकानात माल पोचवायला येणाऱ्या माणसानं एकदा आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, शेजारी पेशंट कोन हाये?"

मी म्हटलं, "चाक."

त्यानं औषधाचा माल ठेवला आणि सही न घेताच निघून गेला.

कामरगावात बस थांबते तिथून जरा पुढं माझं औषधांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून काकाजींचं घर. काकाजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. पाणी कुठून गळतं ते शोधायचं. कालव्याच्या काठाकाठानं सायकल घेऊन फिरायचं आणि कुठं ओल दिसली की खाली वाकून कान लावायचा. नोकरी संपली, कान तसेच राहिले. आमच्या न्हाणीतला नळ टपकायला लागला तर आम्हाला कळायच्या आधी काकाजींना भिंतीपलीकडून कळतं. पाना घेऊन दारात उभे. "पाझर सांगून येत नाई, सूनबाई," म्हणत सरळ न्हाणीत शिरतात. एकदा आत माझा नवरा प्रमोद अंघोळ करत होता. काकाजी म्हणाले, "तुमचं चालू द्या."

मी या गावची सून, म्हणून मी सूनबाई. माझ्या सासूबाई त्यांच्या वैनी. आणि 'पाझर सांगून येत नाई' हे वाक्य सगळ्या जगासाठी. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाचा पक्ष फुटला, कोणाच्या कणगीतल्या धान्यात टोके किडे पडले, तरी काकाजींचं निदान तेच.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी, लहानशी पांढरी गाडी घेतली आणि ती चालवायला शिकले. म्हणजे चालवतात तीही कालव्याची पाहणी केल्यासारखीच. हळूहळू, दोन्ही बाजूंना पाहत, कुठं ओल आहे का ते बघत. वत्सलाकाकू शेजारी बसून सुपारी कातरायच्या, आणि एक सुपारी संपेस्तोवर गावाबाहेरच्या धाब्याचं वळणसुद्धा यायचं नाही. आता काकू पुण्यात असतात. मुलगा मंगेश तिथं कंपनीत आहे, सूनही नोकरीला जाते, त्यांना मुलगी झाली तेव्हा काकू दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. नात आता घरभर धावते. काकूंचे दोन महिने काही संपले नाहीत. काकाजी इकडे खिचडी करतात आणि 'वरण पातळ झालं तं खिचडी, खिचडी घट्ट झाली तं भात' असं स्वतःचं स्वयंपाकशास्त्र मला समजावून सांगतात.

तर एकदा तालुक्याच्या गावी, कारंज्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या चाकात बैलाच्या नालेचा खिळा घुसला. गाडी फुसफुसत गावात आली. नाक्यावरच्या शकीलभाईनं खिळा उपटला, भोकात चिकट रबराची वात कोंबली, चाक पाण्यात बुडवून दाखवलं, बुडबुडा नाही. म्हणाला, "घ्या काकाजी, झालं काम. आता बिनघोर पळवा."

या 'बिनघोर' शब्दानं घोटाळा केला.

"बिनघोर म्हंजे किती?" काकाजींनी विचारलं.

"म्हंजे काय?"

"म्हंजे चाळीसच्या स्पीडनं बिनघोर, का साठच्या?"

शकीलभाईनं हात पुसले. "काकाजी, तुमी ज्या स्पीडनं चालवता ना, त्या स्पीडनं चाक नसलं तरी चालते."

काकाजींचं समाधान झालं नाही. त्यांनी तो खिळा मागून घेतला, काकूंच्या रिकाम्या कुंकवाच्या डबीत ठेवला, डबी खिशात टाकली आणि गावाची मतं घ्यायला निघाले. प्रश्न एकच होता. पंचर काढलेल्या चाकावर गाडी चालवनं सेफ हाये का नाई? समोर माणूस आला की डबी उघडायची, खिळा दाखवायचा आणि म्हणायचं, "तुमचं मत काय पडते?"

गुरांचे डॉक्टर कोणाच्या तरी गाभण म्हशीसाठी आले होते, त्यांना विचारलं. डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत कामात होता. ते म्हणाले, "टाके घातलेली म्हैस दूध देते ना? मग झालं." काकाजी दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "पन सूनबाई, म्हैस साठच्या स्पीडनं पळत नाई ना."

देवळात सप्ताह होता. कीर्तन संपल्यावर महाराजांनी सहज म्हटलं, कोणाची काही शंका असेल तर विचारा. आजपर्यंत कोणी विचारली नव्हती. काकाजींनी हात वर केला. महाराजांनी प्रश्न ऐकला, डोळे मिटले आणि देह हीसुद्धा एक गाडीच आहे, असं काहीतरी सुरू केलं. काकाजींनी मधेच थांबवलं, "देहाचं देवाच्या भरोशावर सोडलं हाये, महाराज. मी टायरचं इचारून राह्यलो."

एका लग्नात नवरदेवाला स्टेजवर जाऊन विचारलं, कारण नवरदेव कुठल्याशा कंपनीत होता. आहेराचं पाकीट एका हातात, खिळ्याची डबी दुसऱ्या हातात. फोटोवाल्यानं तसाच फोटो काढला. त्या अल्बममध्ये नवरी हसतेय, नवरदेव डबीत पाहतोय आणि काकाजी त्याच्या तोंडाकडे पाहतायत.

माझ्या दुकानाचं तर त्यांनी चाकाचा दवाखाना करून टाकला. एके दिवशी डॉक्टर छातीला लावतात ते यंत्र मागायला आले. मला वाटलं, दम लागतोय. मी घाबरून दिलं. दहा मिनिटांनी बाहेर डोकावले तर काकाजी चाकासमोर मांडी घालून बसलेले, यंत्राची दोन टोकं कानात, तिसरं टायरवर, डोळे मिटलेले. रस्त्यावर माणसं उभी. एक बाई आपल्या लेकराला सांगत होती, "गप राह्य, तपासून राह्यले."

बीपी तपासायलाही माझ्याकडेच येतात. मी म्हटलं, "काकाजी, तुमचं बीपी जरा वाढलं दिसते."

"माह्यं वाढू द्या व. त्याची हवा नाई उतरली पाह्यजे."

सगळ्यांनी सांगून पाहिलं की नवीन टायर टाकून द्या. गाडीच्या डिकीत एक कोरी करकरीत स्टेपनी आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. मी म्हटलं, ती तरी लावा.

"थे संकटासाठी हाये."

"मंग हे काय हाये?"

"हा संशय हाये," काकाजी म्हणाले. "संकट येगळं, संशय येगळा."

आता मुद्द्याचं सांगते. माझा धाकटा दीर गोपाल. चांगला शिकलेला, निर्व्यसनी, तूर-सोयाबीन करतो, संत्र्याची बाग स्वतः उभी केलीय. पण मुलगी मिळत नव्हती. मुलगा काय करतो, असं विचारलं आणि आम्ही 'शेती' म्हटलं की आतून येणारे पोहे अर्ध्या वाटेवरून परत जायचे. दोन वर्षं आम्ही इतक्या ठिकाणी गेलो की सासूबाईंना प्रत्येक गावचा चहा पाठ झाला होता. गोपाल हल्ली मुलगी पाहायला जायचं म्हटलं की शेतात काम काढायचा. आणि अशात इंझोरीचं स्थळ आलं. मुलीकडच्यांनी शेती ऐकूनही 'या' म्हटलं. सासूबाईंनी सांगून ठेवलं, "हे हातचं जाऊ द्याचं नाई. येळेवर पोचा लागते. पोरीचा मामा घड्याळाचा मानूस हाये."

ठरलेल्या दिवशी जीपवाला आलाच नाही. लग्नसराई होती, त्याला लांबचं भाडं मिळालं असणार. फोन बंद. गावात दुसरी गाडी मोकळी नव्हती. सासूबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. अंगणात काकाजी चाकाला गाल लावून बसले होते.

"दुसरं काईच नाई काय?" सासूबाई म्हणाल्या.

काकाजी मात्र क्षणात तयार झाले. पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि म्हणाले, "चला. पन पयले सारे काट्यावर चढा."

"कोन्या काट्यावर?"

"सूनबाईच्या दुकानातल्या. कोन कुठं बसन ते वजनावरून ठरन. मांगच्या डाव्या चाकावर लोड नाई पाह्यजे."

माझा वजनकाटा दुकानाच्या दारात असतो. समोर बसची वाट पाहणारी निम्मं कामरगाव. प्रमोद चढला, मी चढले, गोपाल चढला. सासूबाई चढेनात.

"मी काय सोयाबीनचं पोतं हाये?"

"पोतं असतं तं काट्याची गरज नसती पडली, वैनी," काकाजी समजुतीनं म्हणाले. "पोत्याचं वजन ठरलेलं राह्यते."

बसस्टॉपवर कोणीतरी हसलं. सासूबाईंनी त्या दिशेला असं पाहिलं की त्या बाजूची माणसं एकदम वेळापत्रक वाचू लागली. शेवटी काकाजींनीच तडजोड केली. सासूबाईंना न मोजता पुढच्या सीटवर बसवलं आणि मागं प्रमोद उजवीकडे, मी मधे आणि सगळ्यांत वाळका म्हणून गोपाल त्या चाकावर.

"गोपाल, अंग हलकं ठेवून बस."

"अंग हलकं कसं ठेवाचं, काकाजी?"

"परीक्षेच्या हॉलमधी बसल्यासारखा बस."

निघालो. काय सांगू तुम्हाला तो प्रवास! गाडी चालतेय की रस्ता मागं सरकतोय ते कळत नव्हतं. चाऱ्याचा भारा घेऊन स्कूटीवर जाणारी एक बाई आम्हाला ओलांडून गेली. जाताना तिनं सासूबाईंना ओळख दिली, दोघी दोन वाक्यं बोलल्यासुद्धा. मागून एसटी आली, हॉर्न वाजवून दमली आणि शेवटी बाजूनं निघाली, तेव्हा खिडकीतल्या सगळ्या माणसांनी वाकून आमच्याकडे पाहिलं. इतक्या हळू चाललेल्या गाडीत काहीतरी दुःखाचं असणार, असं त्यांना वाटलं असावं. एकानं तर टोपी काढली.

आणि थोडं अंतर गेलं की गाडी थांबायची. "गोपाल, उतर. पाह्य बरं, गरम हाये काय?"

गोपाल उतरायचा, चाकाला हात लावायचा, बसायचा. पुन्हा थोडं अंतर. पुन्हा, "गोपाल, उतर." कारंजा येईपर्यंत त्याचे दोन्ही तळवे काळे झाले होते. ऊन होतं, तो घाम पुसत होता. पांढऱ्या शर्टाची बाही काळी, कपाळावर आडवा पट्टा. मी रुमाल दिला, तर पट्टा कानापर्यंत गेला.

सासूबाई पुढं बसून एकच शब्द म्हणत होत्या, "मामा... मामा..."

कारंज्यात काकाजींनी गाडी एका पंचरवाल्यासमोर उभी केली. दुसरं मत पाहिजे म्हणाले. त्या माणसानं चाक पाहिलं आणि म्हणाला, "कोनी केलं? मस्त केलं."

काकाजी गाडीत बसले आणि दबक्या आवाजात आम्हाला म्हणाले, "हा शकीलच्या वळखीचा असन."

इंझोरीला पोचलो तेव्हा मामा अंगणात येरझाऱ्या घालत होता. चष्मा नाकावर, मनगट डोळ्यांसमोर. "या," म्हणाला, पण ते 'जा'सारखं ऐकू आलं. आम्ही बैठकीत बसलो. मुलीचे वडील बिचारे मवाळ. मंडपाचा धंदा, घराच्या मागं बांबू आणि कनाती रचलेल्या. पोहे आले. मुलगी आली. नाव रूपाली. पदवीपर्यंत शिकलेली, वडिलांचा सामानाचा छोटा टेम्पो तीच चालवते, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. तिनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग गोपालच्या कपाळाकडे पाहिलं आणि झटकन मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

बैठक गार पडली. मामानं मुलाला दोन प्रश्न विचारले. गोपालनं दोन्हींना मान हलवली, त्यातल्या एकाचं उत्तर मानेनं देण्यासारखं नव्हतं. मामा म्हणाला, "तुमच्याकून कोनाले काई इचाराचं असन तं इचारा. मले निंघा लागते."

प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. आणि काकाजींनी घसा खाकरला. हात खिशाकडे गेला.

"भाऊ, नोका," सासूबाई कुजबुजल्या.

डबी उघडली होती. "बाई, हा खिळा. हा आमच्या गाडीच्या चाकात घुसला होता. पंचर काढलं. आता त्या चाकावर गाडी चालवनं सेफ हाये का नाई? तुमचं मत काय पडते?"

मामाचा चष्मा खाली घसरला. प्रमोदनं डोळे मिटले. सासूबाईंनी पोह्यांची बशी अशी घट्ट धरली की मला तिची काळजी वाटली.

रूपालीनं खिळा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "कुठं घुसला होता, काकाजी? जमिनीले टेकते त्या भागात, का बाजूच्या भिंतीत?"

काकाजी खुर्चीच्या टोकाला आले. आजवर गावात हा प्रश्न त्यांना उलटून कोणी विचारला नव्हता. "टेकते तिथं."

"मंग घाबराचं काम नाई. भिंतीत असता तं टायर बदलाच लागला असता, थे सांधून चालत नाई. हवा उतरते काय?"

"संशय येते."

"संशयानं हवा नाई उतरत," ती उठली. "चला, पाहू."

आणि साडीचा पदर खोचून ती बाहेर. तिच्या मागं काकाजी, त्यांच्या मागं वडील, त्यांच्या मागं आम्ही. तिनं साबणाचं पाणी मागितलं. ते आणायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून मामा गेला. तो तांब्या घेऊन उभा आणि ही चाकाशी उकिडवी बसून पंचरच्या जागेवर फेस सोडतेय. सगळे वाकून पाहतायत. बुडबुडा नाही. मग हवा भरतात त्या तोंडावर फेस सोडला. तिथंही नाही. मामा तर गुडघ्यावर बसला होता. घड्याळात पाहायचं तो विसरला होता.

"काईच नाई," रूपाली म्हणाली. "पंचर पक्कं हाये. टायर झिजलेला बी नाई. हवा मोजत जा आन लय पळवू नोका, बस."

"पळवत नाईत ते," गोपाल बोलला.

त्या घरात शिरल्यापासूनचं त्याचं ते पहिलं वाक्य. आधी रूपाली हसली, मग वडील, मग अख्खं अंगण. हसता हसता तिनं विचारलं, "तुमच्या कपाळाले काय लागलं?"

"टायर," गोपाल म्हणाला.

लग्न जमलं, हे आत्ताच सांगून टाकते. चार दिवसांनी त्यांचा होकार आला आणि वैशाखात बार उडाला. वाटेतली गंमत प्रमोदनं त्यांना निघताना सांगितलीच होती; मामा स्वतः कामरगावला निरोप घेऊन आला तेव्हा म्हणाला, पोरगी म्हणते, ज्या घरचा माणूस सांगितलं तर दहा वेळा उतरून चाक पाहतो, त्या घरात कटकट कमी असेल. पण मला सांगायचंय ते लग्नाचं नाही. त्या दिवशीच्या परतीचं आहे.

परत निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. सगळे खुशीत होते. गोपाल चाकावर जड होऊन बसला होता, कोणी काही म्हणालं नाही. काकाजी तर गाणं गुणगुणत होते. सासूबाईंनी त्यांना वाटेत एक विडा करून दिला. कारंजा मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली आणि काकाजींचा फोन वाजला.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका लिंबाखाली घेतली. गाडी चालवत असताना ते फोन घेत नाहीत. खाली उतरले, मागं जाऊन गाडीला टेकून उभे राहिले. कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो. पाण्याचं टपकणं ऐकू येतं, माणसाचं बोलणं नाही. आमच्या खिडक्या उघड्या होत्या. फोन मंगेशचा होता.

मंगेशचे फोन मला नवे नाहीत. मधे एकच भिंत आहे. पूर्वी ते आठवड्यातून एकदा यायचे आणि आमच्या कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या आत संपायचे. 'जेवले?' 'हाव.' 'तब्येत?' 'बरी हाये.' 'पाऊस?' 'नाई.' मग दोघंही जरा वेळ गप्प. मग 'बरं, ठेवतो.' बापलेकात भांडण नव्हतं काही. बोलायला काही नव्हतं, इतकंच.

"हं बाबा," मंगेशचा आवाज आला. "आज हवा किती?"

"थांब, पाह्यतो." काकाजी वाकले. चाकाकडे पाहिलं. "सकाळी तं बराबर होती रे. आता जराशी उतरल्यावानी वाटून राह्यली."

मागच्या सीटवर आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वाटून राह्यली म्हणजे? मोजली का?"

"बोटानं दाबून पाह्यली."

"बोटानं कळत नाही बाबा, किती वेळा सांगू! मला वाटतं, पंचरमधून नसेलच जात, व्हॉल्व्हमधून जात असेल. साबणाचं पाणी लावून पाहिलं का तिथं?"

काकाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाई ना रे," ते म्हणाले. "असं बी असते काय? कसं पाहाचं थे, सांग बरं नीट."

आणि मंगेश सांगू लागला. पाणी किती, साबण किती, टोपण कसं काढायचं, बुडबुडा आला तर कुठं जायचं, नाही आला तर काय समजायचं. भराभर बोलणारा मुलगा, पण एखाद्या लेकराला समजावावं तसं निवांत सांगत होता. काकाजी डोळे मिटून "हाव... हाव... मंग?" करत होते. मधेच तिकडून लहान पोरीचा आवाज आला, 'आबा, चाक, आबा, चाक', आणि मागून काकूंचा, "खिचडीवर तूप घेतलं काय म्हनावं." काकाजींनी तूप घेतल्याचं सांगितलं. पुन्हा चाकावर आले.

"बाबा, त्यापेक्षा नवीन टायर टाकून द्या ना," मंगेश म्हणाला. "मी इथून ऑर्डर करतो. माझ्याही डोक्याला शांती."

"नोको, नोको," काकाजी घाईनं म्हणाले. "आत्ता कायले? पाहू ना आनखी. उद्या साबनाचं करतो आन सांगतो तुले. उद्या करशीन ना फोन?"

"करतो ना बाबा. आता एवढी हवा उतरतेय म्हटल्यावर रोजच करावा लागेल."

"हाव," काकाजी म्हणाले. "उतरून तं राह्यली."

फोन ठेवल्यावरही ते जरा वेळ तिथंच उभे होते. स्क्रीन बाहीनं पुसली, फोन खिशात ठेवला. मग येऊन बसले, आरसा नीट केला. गोपालला राहवेना. तो पुढं झुकला, "पन काकाजी, साबनाचं पानी तं आत्ता तिकडे तिनं—"

पुढच्या सीटवरून सासूबाईंचा हात मागं आला आणि गोपालच्या गुडघ्यावर सपकन बसला. दिवसभर 'मामा, मामा' करणाऱ्या, काट्यावर चढायला नकार देणाऱ्या आमच्या सासूबाई अख्ख्या वळून काकाजींकडे तोंड करून बसल्या.

"काय म्हने मंगेश?"

"अवं वैनी, लय हुशार हाये तो," काकाजींनी गाडी सुरू केली. "म्हने, बाबा, हवा तिथून नसन जात, हवा भरतात त्या तोंडातून जात असन. म्हने, थोडं साबनाचं पानी घ्याचं..."

"अस्सं!" सासूबाई म्हणाल्या. "मंग?"

काकाजी सांगत राहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. बाहेर अंधारून यायला लागलं होतं आणि मागून एक बैलगाडी आम्हाला गाठत आली होती. कामरगाव येईपर्यंत सासूबाई 'अस्सं?' आणि 'मंग?' करत राहिल्या, जशी काही टायर ही वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.